जॉर्जियन उपसागराकाठचे गळके छप्पर

कॅनडा देशातील टोरोंटो नगराहून उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटर गेले असता जॉर्जियन उपसागराच्या काठी मिडलंड नावाचे गाव लागते. उपसागर म्हटले तरी पाणी गोडे. ह्युरॉन नामक विशाल सरोवराचाच तो एक फाटा आहे. गावाबाहेरील टेकडीवर जुळ्या मनोऱ्यांचे दगडी ख्रिस्तमंदिर उभे आहे. येशूसंघाचे जे मिशनरी सतराव्या शतकात या प्रदेशात रक्तसाक्षी झाले, त्यांचे हे तीर्थक्षेत्र. तेथे जाण्याची इच्छा आमच्या मनात सेमिनरीच्या दिवसांपासून होती. ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुरी झाली. परंतु त्या सहा दिवसांतील पुष्कळसा वेळ आम्ही तीर्थक्षेत्रात नव्हे, तर एका मोटारीच्या छपरावर गुडघे टेकून घालविला, आणि वाचकांस सांगावयाचे आहे ते मुख्यत्वेकरून त्या छपराविषयीच.

आमचे यजमान मूळचे आमच्या बेळगावकडचेच. आम्ही नवदीक्षित असताना हा मुलगा आमच्यापाशी वेदीसेवक होता. आता तो टोरोंटोजवळ नोकरीनिमित्त स्थायिक झाला असून पत्नी व दोन मुले असा त्याचा संसार आहे. त्या उन्हाळ्यात त्याची शहात्तर वर्षांची आईही गावाहून आली होती. सप्टेंबरात तिला परतावयाचे होते आणि पुन्हा एवढा प्रवास तिच्याने होणार नाही हे सर्वांस ठाऊक होते. रक्तसाक्ष्यांच्या अस्थींपुढे गुडघे टेकावेत एवढी एकच तिची मागणी होती. म्हणून यजमानाने आपले चाकांवरचे घर बाहेर काढले.

असे घर आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडते, म्हणून त्याचे थोडे वर्णन करतो. मालमोटारीच्या सांगाड्यावर आठ मीटर लांबीची खोली बांधलेली असते. तिच्यात निजण्याची सोय, शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, न्हाणी, सारे काही. चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या माळ्यावर मुले निजतात. तिकडचे लोक अशी गाडी घेऊन सुटीत रानावनांत जाऊन राहतात. सरकारने त्यांच्यासाठी ठिकठिकाणी झाडीत तळ आखून ठेवले आहेत. आमचा मुक्काम मिडलंडपासून जवळच, अवेंडा नावाच्या प्रांतीय उद्यानात होता. मेपल व ओक वृक्षांची दाट सावली आणि पलीकडे उपसागराचे पाणी. गाडी वीस वर्षांची जुनी होती. यजमानाने ती दोन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी विकत घेतली होती.

पहिल्याच रात्री वादळी पाऊस झाला. मध्यरात्रीनंतर केव्हा तरी आम्हांस जाग आली ती एका अगदी ओळखीच्या आवाजाने. खानापूरकडच्या कौलारू घरात ज्याचे बालपण गेले आहे, त्यास तो आवाज झोपेतही कळतो. थेंब कशावर पडतो आहे, कापडावर की भांड्यात, हेही कळते. प्रथम तो कापडावर पडत होता. मग भांड्यात पडू लागला. पाहतो तो आजीबाई मधल्या बाकावरील आपल्या अंथरुणात उठून बसल्या होत्या. पांघरूण बाजूस सारून त्यांनी थेंबाखाली एक स्टीलची ताटली ठेवली होती आणि हाती जपमाळ होती. “कोणाला उठवू नका, फादर,” त्या हळूच म्हणाल्या. “तो दमलाय गाडी चालवून. एवढंसं तर गळतंय.”

सकाळी यजमानाने छताकडे पाहिले. पांढऱ्या तक्त्यावर चहाच्या रंगाचे एक वर्तुळ उमटले होते. त्यास विशेष नवल वाटल्याचे दिसले नाही. कपाटातून त्याने सिलिकोनची एक नळी काढली, पांढऱ्या रंगाचा एक डबा काढला आणि म्हणाला, “फादर, दहा मिनिटांचं काम आहे. वर एक हात फिरवतो, आतून रंग मारतो. पुढच्या शनिवारी गाडी बघायला माणूस येतोय. डाग दिसला तर घ्यायचा नाही.” गाडी विकावयाची आहे, ही गोष्ट आम्हांस तेव्हा प्रथम कळली. अशीच गळती मागच्या बाजूस कपाटातही होत असे आणि तिथेही त्याने हाच उपाय केला होता.

येथे आम्हांस उपदेश करावयास हवा होता, असे कोणी म्हणेल. परंतु उपदेश करावयास तोंड हवे. आम्ही त्यास उपदेश केला नाही. एक हकीकत सांगितली. ती आजपर्यंत आम्ही कोणास सांगितलेली नव्हती, आणि ती येथे प्रथमच लिहीत आहोत.

पुष्कळ वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका लहानशा प्रार्थनामंदिराचा भार आमच्याकडे होता. मे महिन्यात दृढीकरण संस्कारासाठी बिशप महोदय यावयाचे होते आणि गायकवृंदाच्या बाकांवरील छताला असेच एक वर्तुळ पडले होते. शाकारणी करावयाची तर सुतार हवा, पैसे हवेत, कौले उतरावयास हवीत. आम्ही चुन्याचे दोन हात दिले. छत शुभ्र दिसले. बिशप महोदय प्रसन्न झाले. जुलैमध्ये एका रात्री तुळईचे भिंतीत बसविलेले टोक तुटले आणि छताचा एक भाग खाली त्या बाकांवर येऊन पडला. ती रविवारची सकाळ असती तर तेथे बारा-पंधरा मुली बसलेल्या असत्या. तुळईचे टोक हातात घेतले तो त्याचा भुगा झाला. लोकांनी वर्गणी काढून नवी तुळई बसविली. आम्ही त्यांस पावसाचा दोष सांगितला. चुन्याची गोष्ट सांगितली नाही.

यजमानाने नळी टेबलावर ठेवली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग आता काय करायचं, फादर?” आजीबाईंनी ताटलीतले पाणी बाहेर झाडाखाली ओतले आणि पोहे भिजविले.

शेजारच्या तळावर एक निवृत्त कॅनडियन गृहस्थ सपत्नीक उतरले होते. अशा गाड्यांतून हिंडण्यात त्यांची तीस वर्षे गेलेली. त्यांनी आपली शिडी दिली आणि वर चढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला: घरी गाडी उभी असते तेव्हा तिचे कोणते टोक खाली असते? यजमानाच्या घरापुढील जागेस उतार आहे. तेथे गाडीचे मागचे टोक खाली असते. येथे तळावर पुढचे टोक खाली होते. “घरी मागे गळते, येथे मध्ये गळते. म्हणजे भोक या दोहोंच्या मध्ये कोठे तरी आहे,” असे ते म्हणाले. हे ऐकून आम्हांस आमच्या गावाकडील कौले शाकारणाऱ्यांची आठवण झाली. तेही थेंब पडतो तेथे कधी वर पाहत नाहीत. पाणी कौलाच्या फटीतून शिरते, रिपेवरून वाशावर येते, वाशावरून हात-दोन हात खाली सरकते आणि एखाद्या गाठीशी अडून मग टपकते. जेथे ताटली ठेवावी लागते तेथे दोष असतोच असे नाही.

या गाड्यांचे छप्पर कसे रचलेले असते ते पाहण्याजोगे आहे. सर्वांत खाली आतला पातळ तक्ता. त्यावर लाकडी आडव्या पट्ट्या, पट्ट्यांच्या मध्ये थर्मोकोलसारख्या पदार्थाचे ठोकळे. त्यावर पातळ प्लायवुड आणि प्लायवुडवर डिंकाने चिकटविलेली रबराची एकसंध चादर, जाडीने जेमतेम एक मिलिमीटर. चादरीच्या कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली स्क्रूंनी दाबलेल्या असतात. रबराच्या सपाट पृष्ठातून पाऊस सहसा शिरत नाही. शिरतो तो माणसाने पाडलेल्या छिद्रांतून: हवेची झडप, न्हाणीवरील काच, शीतकपाटाचे धुराडे, वातानुकूल यंत्र, सांडपाण्याच्या टाकीची वायुनळी. प्रत्येक छिद्राभोवती लांबीसारखे सीलंट भरलेले असते. उन्हाने ते कडक होते. चालत्या गाडीचा सांगाडा सतत मुरगळत असतो, त्याने त्यास बारीक भेगा पडतात. मग हिवाळ्यात भेगेतील पाणी गोठते आणि गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के फुगते. उन्हाळ्यात केसाएवढी असलेली भेग वसंतात नखाएवढी होते. आपल्याकडे छपराचा वैरी एक पाऊस. तेथे ऊन, बर्फ आणि रस्ता असे तिघे मिळून पावसाला वाट करून देतात.

छपरावर गुडघे टेकताना खाली प्लायवुडची रुंद फळी घ्यावी लागते, नाही तर भार एका ठिकाणी पडून पातळ तक्ता दबतो. कडेपाशी पाठ करून कधीही बसू नये. आमच्या झग्याची अडचण पाहून यजमानाने आपली एक विजार आम्हांस दिली. ती आखूड झाली आणि त्यावर मुले पोटभर हसली.

वर चढून पाहिले तर मागच्या झडपेभोवती यजमानाने पूर्वी फासलेल्या सिलिकोनचे ओघळ होते आणि त्यांच्या कडा रबरापासून सुटून वर आल्या होत्या. शेजाऱ्यांनी मान हलविली. सिलिकोन या रबराला नीट धरत नाही आणि त्याहून वाईट म्हणजे जेथे एकदा सिलिकोन लागले तेथे दुसरे कोणतेही सीलंट धरत नाही. ते पुरते काढल्यावाचून पुढचे काम व्यर्थ. परंतु आधी खरे भोक सापडावयास हवे होते. त्यासाठी त्यांनी एक युक्ती केली. वाळलेली पाने उडविण्याचे विजेचे यंत्र तिकडे घरोघरी असते. गाडीच्या साऱ्या खिडक्या व झडपा बंद करून, एका खिडकीत पुठ्ठा बसवून, त्यातून त्या यंत्राने आत हवा सोडली, बेताने, फार जोराने नव्हे. मग छपरावरील एकेका जोडावर साबणाचे पाणी ओतीत गेलो. आतील हवा जेथून बाहेर येईल तेथे बुडबुडे यावयाचे.

झडपेपाशी काही नाही. धुराड्यापाशी काही नाही. न्हाणीच्या काचेपाशी एक लहानसा बुडबुडा. आणि गाडीच्या मागील तिसऱ्या हिश्श्यात, जेथे कोणी पाहिलेही नव्हते, तेथे दूरदर्शन संचाची जुनी, हाताने फिरवून उभी करावयाची एरियल होती. तिच्या बैठकीभोवती एकदम फेसच फेस आला. धाकटी मुलगी खालून ओरडली, “पप्पा, छप्पर श्वास घेतंय!” ती एरियल वापरात नव्हती. यजमानाने ती एकदाही उभी केलेली नव्हती. निरुपयोगी झालेल्या वस्तूने ठेवलेले भोक दोन वर्षे पाणी पीत होते.

एरियल काढली. तिच्याखालील प्लायवुडमध्ये टोच्या सहज गेला, जसा शिळ्या केकमध्ये जावा. शेजाऱ्यांकडे लाकडातील ओल मोजण्याचे, दोन सुया असलेले एक छोटे यंत्र होते. १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर लाकूड कोरडे समजावे, २० च्या वर गेला तर कुजण्याची भीती. येथे आकडा ३० च्या पुढे गेला. मग आतून छताचा तक्ता उतरविणे भाग पडले, आणि तो उतरवीत असताना जे दिसले त्याने आम्ही सारेच स्तब्ध झालो. यजमानाने रंगविलेल्या तक्त्याच्या वर आणखी एक तक्ता होता, काळाठिक्कर पडलेला, बुरशीचा. ज्याने गाडी विकली त्याने जुना तक्ता न काढता त्याच्याखाली नवा चिकटवून दिला होता. कडांना सुबक पट्टी लावली होती. हाताने काम करणारा मनुष्य होता यात शंका नाही.

यजमान हसला, परंतु ते हसणे बरे नव्हते. “मी पण तेच करणार होतो, फादर. फक्त माझं काम इतकं चांगलं झालं नसतं.”

पत्नी बाहेर बाकावर बसून ऐकत होती. तिने आत येऊन फक्त विचारले, “आईंना आज कुठं निजवायचं?” शेजाऱ्यांच्या बाईंनी आपल्या गाडीतील एक पलंग आजीबाईंसाठी मोकळा करून दिला. दोघींची भाषा वेगळी. तरी रात्री उशिरापर्यंत त्यांच्या गाडीत दिवा दिसत होता, आणि सकाळी ती बाई आम्हांस “पोहे” हा शब्द म्हणून दाखवू लागली.

ओले लाकूड झाकू नये, हा या कामातील पहिला नियम. वर ताडपत्री तिरपी ताणली, आत दोन पंखे लावले आणि दोन दिवस थांबलो. हे थांबणेच सर्वांत अवघड. घाईने काम करणारा येथेच चुकतो, कारण वरून कोरडे दिसणारे लाकूड आतून ओलेच असते आणि सीलंट त्या ओलीला कोंडून ठेवते. त्या दोन दिवसांत शेजाऱ्यांनी आपल्या मोटारीने आम्हांस तीर्थक्षेत्री नेले.

१९२६ मध्ये बांधलेल्या त्या ख्रिस्तमंदिराच्या आत गेल्यावर आजीबाई रक्तसाक्ष्यांच्या अस्थींपुढे जाऊन बसल्या, त्या दोन तास उठल्या नाहीत. संत ज्याँ द ब्रेबफ व संत गाब्रिएल लालमाँ यांनी १६४९ च्या मार्च महिन्यात येथून जवळच देह ठेवला. १९३० मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांस संतपद दिले, आणि १९८४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल येथे येऊन गेले. आम्ही मात्र, खरे सांगावयाचे तर, मान वर करून छताकडे पाहत होतो. दोन दिवसांत दृष्टीला ती सवयच लागली होती. त्या मंदिराचे छत आतून उलट्या घातलेल्या होडीच्या आकाराचे केलेले आहे.

त्या होडीचे कारण समोरच्या बाजूस, वाय नदीच्या काठी उभारलेल्या सेंत-मारी वसाहतीत कळते. १६३९ मध्ये येशूसंघीयांनी ही लाकडी वसाहत वेंडाट लोकांमध्ये वसविली. फ्रेंच लोक त्यांस ह्युरॉन म्हणत. १६४९ मध्ये शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच जाळली. आज दिसते ती उत्खननानंतर पुन्हा उभारलेली. तेथे भूर्जवृक्षाच्या सालीची होडी ठेवलेली आहे. सालीचे तुकडे झाडाच्या मुळांनी शिवलेले, आणि प्रत्येक शिवणीवर काळी रेघ. ती रेघ म्हणजे स्प्रूस झाडाची राळ चरबीत मिसळून, वितळवून लावलेली. नुसती राळ थंडीत तडकते, म्हणून चरबी. चरबी अधिक झाली तर उन्हात वाहते. लवचीक राहील पण वाहणार नाही असे प्रमाण हवे. आमच्या शेजाऱ्यांनी छपरासाठी आणून ठेवलेल्या सीलंटची महती त्यांनी याच शब्दांत सांगितली होती.

क्वेबेकहून येथवरचा जलमार्ग सुमारे १३०० किलोमीटरांचा. १६३४ मध्ये ब्रेबफ याच मार्गाने आले, तेव्हा ३५ ठिकाणी होड्या खांद्यांवरून वाहाव्या लागल्या आणि निदान ५० ठिकाणी पाण्यातून ओढाव्या लागल्या, असा त्यांनी हिशेब ठेवला आहे. खडकांवर घासून शिवणी उघडत. मुक्कामी होडी उलटी घालून फटी शोधावयाच्या, राळ तापवून बुजवावयाच्या आणि पुढे निघावयाचे. १६३७ मध्ये ब्रेबफ यांनी नव्याने येणाऱ्या धर्मगुरूंसाठी सूचना लिहिल्या. त्यांत ईश्वरविद्येपेक्षा होडीचाच विचार अधिक आहे: वेंडाट लोकांस निघताना खोळंबून ठेवू नका, होडीत पाय ठेवताना पाणी किंवा वाळू आत आणू नका, अखेरपर्यंत वल्हविणार असाल तरच वल्हे हाती घ्या. सेमिनरीत हे वाचताना आम्हांस थोडे हसू आले होते. होडीच्या त्या शिवणीवर बोट फिरविताना आले नाही.

आपले फादर स्टीफन्स याच संघाचे. त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, आणि १६१९ मध्ये ते गोव्यात निवर्तले. त्यानंतर सहा वर्षांनी ब्रेबफ क्वेबेकला उतरले आणि तेथील लोकांची भाषा शिकून धर्मशिक्षण त्या भाषेत उतरवू लागले. आजीबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे एकाच घरातली माणसं.”

चौथ्या दिवशी सुयांचे यंत्र १४ वर आले. मग खरे काम. कुजलेल्या भागावरील रबर चिरून पाकिटाच्या झाकणासारखे उलटले, खालील प्लायवुडचा ताटाएवढा तुकडा कापून काढला, कडांना आतून आधाराच्या पट्ट्या देऊन नवा तुकडा स्क्रूंनी बसविला. रबर पुन्हा चिकटविले. सिलिकोन खरवडण्यास मात्र अर्धा दिवस गेला. लोखंडी पात्याने रबर फाटते, म्हणून प्लॅस्टिकची खरवडणी, आणि इंचा-इंचाने. आम्ही व थोरला मुलगा दोघे आळीपाळीने ते करीत होतो. पृष्ठ साबणाच्या पाण्याने धुऊन वाळविले. रॉकेलसारखे तेलकट द्रव या रबराला लावता कामा नयेत, त्याने ते फुगते.

एरियलच्या भोकावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसविला. पत्र्याखाली ब्युटाइल नावाची मऊ, चिकट पट्टी अखंड फिरविली, जोड कोपऱ्यावर येऊ न देता. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे. एकदम आवळले नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे, पट्टी चारी बाजूंनी सारखी बाहेर डोकावेपर्यंत. एक रात्र जाऊ दिली, तोवर पट्टी दबून स्क्रू थोडे सैल झाले होते. ते पुन्हा आवळले, बाहेर आलेला भाग कापला. त्यावर, पत्र्याच्या कडेवर व प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर, रबरी छपरासाठी बनविलेले सीलंट ओतले. हे आपोआप पसरून सपाट होते, बोटाने सारखे करावे लागत नाही. उभ्या कडांवर हे चालत नाही, ते खाली ओघळते. तेथे दुसरे, घट्ट जातीचे घ्यावे लागते. न्हाणीच्या काचेभोवतीही हेच केले. काही तासांत त्यावर साय धरते. पुरते मुरावयास काही आठवडे लागतात.

संध्याकाळी पुन्हा हवा भरून साबणाचे पाणी ओतले. बुडबुडा नाही. मुलीने दोनदा ओतावयास लावले.

पाचव्या रात्री पाऊस आला. नवा तक्ता अजून बसविलेला नव्हता. अंथरुणावर पडल्या पडल्या वरच्या पट्ट्या व नवे प्लायवुड दिसत होते. आजीबाई त्या रात्री आपल्या बाकावर परतल्या होत्या. त्यांनी कोणास न सांगता ताटली पायांशी ठेवली. यजमान विजेरी घेऊन दर अर्ध्या तासाने वर पाहत होता, असे त्याच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी तक्रारीच्या सुरात सांगितले. सकाळी ताटली कोरडी होती. तिच्यातच मग मुलांना पाव वाढला.

शनिवारी गाडी पाहावयास तो मनुष्य आला. यजमानाने त्यास काळा तक्ता, कुजलेला तुकडा आणि दुरुस्तीची छायाचित्रे दाखविली. त्याने आभार मानले, विचार करून कळवितो म्हणाला आणि कळविले नाही. यजमानास पैशांची निकड होती. ती काही त्या प्रामाणिकपणाने भागली नाही, त्यास आणखी सहा महिने हप्ते भरावे लागले. त्याची पत्नी याबद्दल आमच्यावर थोडी नाराज होती असे आम्हांस वाटते, आणि तिला तसा हक्कही होता. गाडी पुढील वसंतात एका तरुण जोडप्याने घेतली, कमी किंमतीस. दर वसंतात आणि हिवाळ्याआधी छपराचे सगळे जोड तपासावेत असे यजमानाने एका कागदावर लिहून, तो कपाटाच्या दाराला आतून लावून दिला.

आम्ही परतल्यावर, पावसाळ्यानंतर, खानापूरकडील त्या प्रार्थनामंदिरात गेलो. आता तेथे दुसरे धर्मगुरू आहेत. मिस्सेनंतर आम्ही थोडे बोललो. गायकवृंदाच्या त्या मुली आता आया झाल्या आहेत, त्यांतील तिघी समोर बसल्या होत्या. त्यांस चुन्याची गोष्ट सांगितली. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी तेव्हा तुळईसाठी आपला सागवान दिला होता, ते म्हणाले, “ठाऊक होतं आम्हाला, फादर. चुन्याचे पोपडे बाकांवर पडलेले होते ना.” मग त्यांनीच शिडी आणून लावली, आणि आम्ही वर चढून तुळईच्या टोकाला हात लावून पाहिला. कोरडी आहे.